दप्तरखान्याचे दार कुणासाठी?

मुंबईहून अहमदाबादकडे जाताना सुरतेच्या अलीकडे पलसाणा लागते. महामार्गाच्या दोन्ही अंगांना कापड रंगवण्याच्या आणि छपाईच्या गिरण्या, त्यांच्या मागे उसाची शेते, आणि ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, खानदेश अशा दूरदूरच्या मुलखांतून पोटासाठी आलेले कामगार, असे या तालुक्याचे आजचे रूप आहे. गोव्यातल्या वाचकाला हे नाव ठाऊक असण्याचे विशेष कारण नाही. तरीही राज्याच्या पुराभिलेखागारातील जुनी कागदपत्रे आणि छायाचित्रे सर्वसामान्यांना घरबसल्या पाहता यावीत की नाहीत, या प्रश्नाचा विचार करताना पलसाण्यापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. आपल्या घरातला गुंता आपल्याला सवयीमुळे दिसत नाही. दुसऱ्याच्या घरातला चटकन दिसतो.

पलसाणा हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातला एक तालुका होता. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सोनगडावर ठाण मांडले, तेव्हापासून दक्षिण गुजरातच्या या पट्ट्यावर मराठी सत्तेची छाया पडली, ती १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत राहिली. त्यामुळे या तालुक्याचा भूतकाळ एका ठिकाणी, एका भाषेत किंवा एका लिपीत सापडत नाही. गायकवाडी दरबाराचे जुने हिशेब आणि हुकूम मोडी लिपीत, मराठीत. गावपातळीवरचा महसुली व्यवहार गुजरातीत. रेसिडेंटाशी चाललेला पत्रव्यवहार इंग्रजीत. दप्तराचा मोठा भाग वडोदऱ्यात, मुंबई सरकारच्या खात्यांचे कागद मुंबईत, आणि ब्रिटिशांच्या इंडिया ऑफिसचे दफ्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. पलसाण्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या पणतूला आपल्या गावाविषयी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे काही जाणून घ्यायचे झाले, तर त्याला तीन लिप्या यायला हव्यात आणि तीन शहरांचे, त्यातल्या एका परदेशातल्या शहराचे, भाडे परवडायला हवे.

हा केवळ जिज्ञासेचा विषय असता तर गोष्ट वेगळी होती. पलसाण्याला लागूनच बारडोली आहे. मुंबई सरकारने बारडोलीचा शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला, तेव्हा १९२८ मध्ये सरदार पटेलांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा सर्वांना माहीत आहे. त्या लढ्याचा शेवट कसा झाला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन चौकशी केली. साऱ्याची वाढ ज्या खंडाच्या आकड्यांवर उभी होती, ते आकडे नीट पडताळलेलेच नव्हते, असे त्या चौकशीत उघड झाले. आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. लोकांचे धैर्य, नेत्यांचे संघटन हे सारे होतेच. पण अखेरचा निवाडा झाला तो कागद उघडून तपासल्यामुळे. पुढे १९३० मध्ये दडपशाही वाढली, तेव्हा बारडोलीतील अनेक शेतकरी कुटुंबे घरदार सोडून लगतच्या गायकवाडी हद्दीत राहायला गेली. म्हणजे एकाच घटनेचा अर्धा वृत्तान्त ब्रिटिश दप्तरात आणि अर्धा संस्थानी दप्तरात. सीमा पुसल्या गेल्या, संस्थान गेले, प्रांत गेला. दप्तरे मात्र अजून आपापल्या जागी, आपापल्या लिपीत, एकमेकांपासून दूर बसून आहेत.

हेगच्या न्यायालयात मराठी सनदा

दक्षिण गुजरातच्या याच पट्ट्यात, पलसाण्याच्या दक्षिणेला, दमण आणि दादरा-नगरहवेली आहे. आणि इथे गोव्याचा संबंध थेट येतो. पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ मध्ये तह झाला. मराठ्यांनी पकडलेल्या एका पोर्तुगीज जहाजाच्या भरपाईचा वाद त्यामागे होता. या तहानुसार दमणच्या शेजारील काही गावांचा वर्षाला १२ हजार रुपयांचा वसूल पोर्तुगिजांना लावून देण्यात आला आणि १७८३ व १७८५ मध्ये त्याच्या सनदा निघाल्या. त्या वेळी हे कागद लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनातही आले नसेल की, पावणेदोनशे वर्षांनी त्याच्या शब्दांचा कीस आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाडला जाईल.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि नगरहवेली मुक्त केले. संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसे त्या मोहिमेत होती. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून या प्रदेशात जाण्याचा आपला हक्क भारताने हिरावला, अशी त्यांची तक्रार होती. युक्तिवादाचा एक मोठा भाग अठराव्या शतकातल्या त्या मराठी कागदांभोवती फिरला. मराठ्यांनी पोर्तुगिजांना दिले ते राज्य की नुसता वसूल? न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी निकाल दिला. तह ग्राह्य आहे, परंतु मराठ्यांनी दिलेला हक्क जहागिरीचा, म्हणजेच सरंजामाचा होता. सार्वभौमत्व दिलेले नव्हते, असा त्या कागदांचा अर्थ न्यायालयाने लावला. पुढील ब्रिटिश काळातील वहिवाटीवरून नागरी वाहतुकीपुरता पोर्तुगालचा मार्गाचा हक्क न्यायालयाने मान्य केला, लष्कर आणि शस्त्रांसाठी तो नाकारला, आणि १९५४ मध्ये भारताने आपली जबाबदारी मोडली नाही, असे ठरवले.

‘सरंजाम’ या एका शब्दाला केवढे वजन असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. हा शब्द टिकला, कारण तो कागद टिकला. आणि तो उपयोगी पडला, कारण योग्य वेळी कुणाला तरी तो सापडला आणि वाचता आला. टिकणे, सापडणे, वाचता येणे या तीन पायऱ्या आहेत. पुराभिलेखांच्या डिजिटायझेशनविषयी बोलताना आपण बहुधा पहिल्या पायरीशीच थांबतो.

गोव्याचा चारशे वर्षांचा ठेवा

गोव्याचे पुराभिलेखागार आशियातील जुन्या दप्तरखान्यांपैकी एक आहे. १५९५ मध्ये पोर्तुगालच्या राजाज्ञेने ते स्थापन झाले आणि इतिहासकार दियोगु द कौतु त्याचे पहिले प्रमुख झाले. दर पावसाळ्याच्या वाऱ्यांवर लिस्बन आणि गोवा यांच्यात जी जहाजे ये-जा करीत, त्यांच्यातून आलेल्या-गेलेल्या पत्रांची ‘मोंसोंइश दु रेइनु’ ही बाडे या संग्रहाचा कणा आहेत. शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार, राज्य मंडळाच्या बैठकांचे ठराव, कोमुनिदादींच्या वह्या, फोराल, जकातीचे हिशेब, नोटरींचे दस्तऐवज, जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी असा या दप्तराचा पसारा आहे. १५२६ मध्ये आफोंसु मेशिया याने गावकऱ्यांच्या रूढींची नोंद केली. १५६७ च्या सुमारास देवळे पाडली गेल्यानंतर त्यांच्या जमिनींच्या याद्या फोरालांत उतरल्या. ज्या देवळांचा एक दगडही जागेवर उरला नाही, त्यांची नावे आणि शेते आज आपल्याला ठाऊक आहेत ती पाडणाऱ्यांनीच ठेवलेल्या हिशेबामुळे. दप्तर हे असे असते. ते लिहिणाऱ्याचा हेतू एक असतो आणि वाचणाऱ्याला त्यातून मिळते दुसरेच.

या ठेव्याचा एक हिस्सा अठराव्या शतकातच गोव्याबाहेर गेला. मोंसोंइशची ६२ बाडे लिस्बनला नेण्यात आली आणि तिथल्या तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय दप्तरखान्यात स्थिरावली. मुक्तिलढ्याच्या काळात गोमंतकीयांवर पाळत ठेवणाऱ्या पीडे या गुप्त पोलीस दलाचे दप्तरही याच तोर्रे दु तोंबुमध्ये आहे आणि १९९४ पासून ते अभ्यासकांना खुले झाले आहे. मोहन रानडे, तेलु मास्कारेन्यश यांनी पोर्तुगालच्या तुरुंगांत वर्षे काढली. त्यांच्यासारख्यांच्या चरित्राची काही पाने म्हणून लिस्बनमध्येच शोधावी लागतात. म्हणजे पलसाण्याच्या पणतूची जी स्थिती, तीच सत्तरी किंवा पेडण्यातल्या स्वातंत्र्यसैनिकाच्या नातवाची. फरक एवढाच की, त्याला मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही यावे लागेल, आणि काही जुन्या गावकरी कागदांसाठी गोंयकानडी लिपीही.

हा गुंता ज्यांनी एकहाती सोडवायचा प्रयत्न केला, ते डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे हे संशोधक पोर्तुगीज राजवटीत या दप्तरखान्याचे प्रमुख होते. त्यांनी राज्य मंडळाचे ठराव संपादित केले आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास मूळ कागदांवरून मांडला. परंतु सर्वसामान्य वाचकाच्या दृष्टीने त्यांचे १९५५ मधील एक काम विशेष महत्त्वाचे आहे. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या दप्तरांची मार्गदर्शिका त्यांनी प्रसिद्ध केली. कोणते बाड कशाचे, कोणत्या काळाचे, हे त्यांनी सांगून ठेवले. संशोधकाचा मोठेपणा त्याच्या सिद्धान्तांवरून मोजला जातो. दप्तरदाराचा मोठेपणा त्याने केलेल्या सूचीवरून.

चित्र काढणे म्हणजे दार उघडणे नव्हे

अभिलेख ऑनलाइन करण्याच्या घोषणांत पानांचे आकडे असतात. इतके लाख पाने स्कॅन झाली, इतके टक्के काम उरले. हे काम आवश्यक आहे, यात वाद नाही. गोव्यासारख्या दमट हवेत, वाळवी आणि बुरशी यांच्याशी कागदाची शर्यत चालूच असते. लोहयुक्त शाईने कागद जाळीदार होत जातो. स्कॅन केल्याने मूळ कागदाची हाताळणी कमी होते आणि एक प्रत सुरक्षित राहते. परंतु सूची नसलेल्या दहा लाख चित्रांचा ढीग हा सूची नसलेल्या दहा लाख कागदांच्या ढिगाइतकाच मुका असतो. फरक इतकाच की, कागदांच्या ढिगापाशी निदान एखादा जुना कर्मचारी असतो. कोणते बाड कुठल्या कपाटात आहे हे त्याला ठाऊक असते.

या बाबतीत डच लोकांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. सुरतेत सतराव्या शतकाच्या प्रारंभी डच ईस्ट इंडिया कंपनीने वखार घातली. तिथून आलेल्या पत्रांसह कंपनीचे आशियाविषयक प्रचंड दप्तर हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. युनेस्कोने ते जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंदवले आहे. त्याची पाने ऑनलाइन तर आहेतच. पण हस्तलिखित ओळखणाऱ्या संगणक प्रणालीने सुमारे ५० लाख पानांचा मजकूर टंकित रूपात आणून तो शब्दानुसार शोधता येईल अशी सोय करण्यात आली आहे. परिणामी सतराव्या शतकातला डच व्यापारी सुरतेच्या कापडाविषयी काय लिहीत होता, हे जगातल्या कुणालाही घरी बसून शोधता येते. त्याच सुरतेच्या वेशीवरच्या पलसाण्याविषयी गायकवाडी कारकुनाने मोडीत काय लिहिले, हे शोधणे त्याहून कितीतरी अवघड आहे. परक्याची नजर आपल्याला सुलभ आणि आपलीच नोंद दुर्लभ, ही स्थिती केवळ गैरसोयीची नाही. इतिहास कोणत्या बाजूने लिहिला जाईल, हे त्यावरून ठरते. ज्याचे कागद सापडतात, त्याचा इतिहास लिहिला जातो.

मोडीसाठी आशेला जागा आहे. मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये पुढे आणली. अशा प्रणालीला शिकवायला मात्र माणसाने आधी अचूक वाचून दिलेली हजारो पाने लागतात. मोडी, गोंयकानडी आणि जुनी पोर्तुगीज लिपी वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. यंत्र येईपर्यंत थांबू, असे म्हणणाऱ्याला यंत्र आल्यावर गुरू मिळणार नाही.

सयाजीराव गायकवाडांना हे नेमके कळले होते. त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा राज्यकारभारातील शब्दांचा अनेक भाषांतील कोश त्यांनी सिद्ध करवला. ज्ञान लोकांपर्यंत पोचवायचे, तर ते त्यांच्या गावात आणि त्यांना कळेल अशा शब्दांत पोचवले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. आज पेटीची जागा मोबाइलने घेतली आहे. दृष्टी मात्र अजून पेटीच्याही मागे आहे.

छायाचित्रांचा निराळा प्रश्न

जुन्या कागदाला निदान स्वतःचा मजकूर असतो. छायाचित्राला तोही नसतो. पाठीमागे तारीख नसेल, ठिकाण नसेल, तर ते चित्र काही वर्षांत अनाथ होते. वसाहतकाळातील छायाचित्रांवर मथळे असतात, पण ते काढणाऱ्याच्या नजरेतून. साहेबाचे पूर्ण नाव, हुद्दा, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्यांसाठी ‘स्थानिक लोक’, ‘नर्तकी’, ‘कोळीण’ एवढेच. चित्र ऑनलाइन टाकताना हाच मथळा तसाच उतरवला, तर शंभर वर्षांपूर्वीचा अन्याय आपण नव्याने छापतो. जुना मथळा पुसू नये, तो पुरावा आहे. पण त्याखाली आजच्या माहितीची वेगळी ओळ हवी.

ती माहिती लोकांकडे आहे आणि ती वेगाने संपत चालली आहे. मुक्तीच्या वेळी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, ज्यांचे वय वीस होते, ते आज चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात आहेत. मांडवीच्या धक्क्यावरचे, फेरीबोटीतले, गावच्या जत्रेतले चेहरे ओळखणारी ही शेवटची पिढी आहे. पुराभिलेख खात्याने छायाचित्रांचे छापील संच घेऊन पंचायतींत आणि ग्रंथालयांत जावे, ज्येष्ठांना दाखवावेत, ते सांगतील ते नाव-गावासह टिपून घ्यावे, यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती घाई.

छायाचित्रांत कायद्याचाही प्रश्न आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. छायाचित्रावरील हक्काची मुदत त्यापूर्वी प्रसिद्धीनंतर ६० वर्षे होती. आता ती छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, अशी मोजली जाते. छायाचित्रकार अज्ञात असेल, तर हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. अशा वेळी ‘नको ती भानगड’ म्हणून चित्र कपाटात ठेवणे अधिकाऱ्याला सुरक्षित वाटते. त्याच्या पाठीशी स्पष्ट लेखी धोरण असेल, तरच तो चित्र बाहेर काढील.

जमिनीचा कागद आणि दारावरचा पहारा

येथवरचे विवेचन वाचून हा अभ्यासकांचा विषय आहे, असे कुणाला वाटेल. गोव्यात तसे समजण्याची चैन परवडणारी नाही. जून २०२२ मध्ये राज्य सरकारला जमीन हडप प्रकरणांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले. पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग आला. प्रकरणांची तऱ्हा साधारण एकच होती. मालक परदेशी किंवा मुंबईत, घर बंद, वारस विखुरलेले. अशी जमीन हेरायची आणि पोर्तुगीज काळातला विक्रीचा किंवा वाटणीचा बनावट दस्तऐवज उभा करायचा. जुन्या दप्तरातील दस्तऐवजांशी छेडछाड झाल्याचे आरोपही त्या वेळी पुढे आले.

असा खोटेपणा पचतो कशामुळे? जुना पोर्तुगीज दस्तऐवज फारच थोड्यांना वाचता येतो आणि मूळ बाड त्याहून थोड्यांनी पाहिलेले असते, म्हणून. ज्या वहीचे प्रत्येक पान क्रमाने, ठराविक तारखेला स्कॅन होऊन प्रसिद्ध झाले आहे, त्या वहीत मागाहून एक पान घुसवणे जवळजवळ अशक्य होते. कुठल्याही गावातला कुणीही दोन्ही ताडून पाहू शकतो. दप्तर उघडे केल्याने जमीन असुरक्षित होईल, अशी भीती काही जण व्यक्त करतात; पडीक घरांची यादीच चोराच्या हाती पडेल, असा त्यांचा मुद्दा आहे. तो अगदीच निराधार नाही. परंतु चोराला कागद आजही सापडतो. सापडत नाही तो मालकाला. कॅनडात किंवा लंडनमध्ये बसलेल्या वारसाला आपल्या आजोबांच्या जमिनीचा फॉर्म एक व चौदा आज ऑनलाइन दिसतो. त्यामागचा मूळ दस्तऐवज पाहायला मात्र त्याला पणजी गाठावी लागते. बंद दाराचा फायदा नेहमी त्यालाच होतो, ज्याची आत ओळख आहे.

खाजगीपणाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. जन्मनोंदींत अनौरस संततीच्या, दत्तकाच्या, धर्मांतराच्या नोंदी असतात. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजी-आजोबांच्या नोंदी शोधणाऱ्यांची गर्दी पाहता या वह्यांची मागणीही मोठी आहे. यावर उपाय काळाच्या मर्यादेचा आहे. खुद्द पोर्तुगालच्या कायद्यात जन्माच्या नोंदी १०० वर्षांनी, विवाहाच्या ५० वर्षांनी आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी अभिलेखागाराकडे जातात. अशी मर्यादा इथेही ठरवता येईल. त्याआतील नोंदी फक्त संबंधितांना, त्यापलीकडच्या सर्वांना. सरसकट बंदी आणि सरसकट खुलेपणा या दोन्ही टोकांपेक्षा ही रेघ शहाणपणाची आहे.

कायद्याच्या अंगाने एक उणीव लक्षात घ्यायला हवी. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकार आणि केंद्रशासित प्रदेशांच्या अभिलेखांना लागू आहे. गोवा ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाले. त्यामुळे नागरिकाला अभिलेख पाहण्याचा हक्क कधी, कसा, किती काळाने मिळेल, हे राज्याने स्वतःच्या कायद्यातून स्पष्ट करणे आवश्यक ठरते. हक्क लिहिलेला नसेल, तर उरते ती मेहेरबानी.

महाराष्ट्राने दिलेला धडा

दप्तर एका रात्रीत उघडले, तर काय होते, हे शेजारच्या महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील कचेऱ्यांतील धूळ खात पडलेली मोडी बाडे बाहेर आली, मोडी वाचकांना अचानक मागणी आली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर नोंदींची चित्रे झळकली. सुमारे ५४ लाख नोंदी सापडल्याचे सांगण्यात आले. या नोंदींवरून काय हक्क मिळावेत, याविषयी तीव्र मतभेद आहेत आणि त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. दप्तराच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी सिद्ध झाल्या. सरकारच्या मनात आले, तर जे काम दशकानुदशके अशक्य म्हटले जाते, ते काही महिन्यांत होऊ शकते. आणि शांततेच्या काळात न केलेली सूची संघर्षाच्या काळात घाईघाईने करावी लागते, तेव्हा तिच्यावर कुणाचाच पूर्ण विश्वास बसत नाही.

गोव्यात उद्या असा प्रसंग कोमुनिदादींच्या जमिनीवरून, देवस्थानांच्या महाजनकीवरून किंवा मुंडकारांच्या हक्कांवरून उद्भवू शकतो. १८८६ आणि १९३३ च्या नियमांखाली चालत आलेल्या देवस्थानांचे वाद आजही न्यायालयांत आहेत, आणि त्यांत जुनी मराठी, पोर्तुगीज कागदपत्रे पुढे येतच असतात. तेव्हा वादाआधीच दप्तर लावून ठेवणे, हे सर्वच पक्षांच्या हिताचे आहे.

काय करता येईल

पहिली गोष्ट, स्कॅनच्या आधी सूची. कोणते बाड आहे, कोणत्या वर्षांचे, कोणत्या भाषेत, किती पानांचे, एवढी माहिती मराठी, कोकणी आणि इंग्रजीत प्रसिद्ध झाली, तरी निम्मे दार उघडेल. पिसुर्लेकरांची मार्गदर्शिका हा त्यासाठी तयार पाया आहे. दुसरी, पाहणे विनामूल्य आणि प्रमाणित नक्कल सशुल्क, असा स्वच्छ भेद. न्यायालयात द्यायची नक्कल खात्याने सही-शिक्क्यानिशीच द्यावी. पण नुसते पाहण्यासाठी अर्ज आणि खेपा नसाव्यात. तिसरी, प्रत्येक वही कधी स्कॅन झाली, तिची किती पाने होती, कोणती फाटलेली वा गहाळ होती, याची नोंद चित्रांसोबतच जाहीर असावी. चौथी, लिस्बनमध्ये असलेल्या गोव्याच्या बाडांच्या प्रती इथल्या सूचीत समाविष्ट करण्यासाठी करार. मूळ कागद परत मागण्याचा वाद चालू राहील. प्रती मिळवायला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पाचवी, मोडी, गोंयकानडी आणि जुनी पोर्तुगीज शिकवणाऱ्या नियमित अभ्यासक्रमांना विद्यापीठाचा आधार आणि ते पूर्ण करणाऱ्यांना खात्यात नोकरी. लिपी शिकून पोट भरत नसेल, तर ती कोण शिकणार?

केंद्राच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ मध्ये ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यात त्रुटी आहेत, पण तिथे घरबसल्या शोध घेता येतो. लहान राज्याला हे काम मोठ्या राज्यापेक्षा सोपे आहे. गोव्याचे दप्तर जुने आहे, मौल्यवान आहे, पण ते अनंत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या कोट्यवधी कागदांपुढे ते आवाक्यातले आहे.

पलसाण्याच्या गिरणीत काम करणाऱ्या खानदेशी मुलाला कुणी सांगितले की, तो ज्या तालुक्यात राबतो, त्याचे जुने हिशेब त्याच्याच भाषेत लिहिलेले आहेत, तर त्याला ते आधी खरे वाटणार नाही. दाखवता आले, तर वाटेल. पेडण्यातल्या कुळाला, सांग्यातल्या मुंडकाराला, दूरदेशीच्या वारसालाही सांगणे पुरेसे नाही; दाखवावे लागेल. दियोगु द कौतुने दप्तर सांभाळले ते राजासाठी. आज ते ज्यांचे आहे, त्यांना त्याचे दार सापडायला हवे.